बिनठिपक्याचा डझन

आल्फ्रेड तुस्कानोला सुखी व्हायला फार काही लागत नसे. समोर एक गंभीर माणूस आणि त्याच्या अंगावर कुठेतरी एक सुटी नाडी, बस्स. वय एकावन्न, पोट सुटलेलं, गुडघ्यात कळ. पण ब्लांच ओट्याशी उभी राहिली की हा मांजराच्या पावलांनी मागून जायचा आणि तिच्या एप्रनची नाडी ओव्हनच्या दांडीला बांधून यायचा. दोन फासे, वर फुलासारखी गाठ. मग हॉलमधून गोड आवाजात, "ब्लांच, जरा ये ना गं." ती वळली की ओव्हनचं दार धाडकन उघडायचं, ती किंचाळायची आणि हा सोफ्यावर आडवा. वसईहून इथे परदेशात, एटोबिकोला येऊन बावीस वर्षं झाली, बावीस वर्षं तीच मस्करी, आणि ती दर वेळी फसायची.

त्याचं हसणं तीन मजली होतं. आधी नाकातून फुरफुर, मग घशातून खॅ खॅ खॅ, आणि श्वास संपला की शेवटी एक बारीक शिट्टी, कुकर निवत आल्यासारखी. चर्चमध्ये मागच्या बाकावरून ती शिट्टी आली की त्यांची मुलगी जॉर्जिना मागे न बघताच कपाळाला हात लावायची. "डॅड, प्लीज."

धंदा ओव्हन दुरुस्तीचा. शाळांचे, हॉटेलांचे, बेकऱ्यांचे. एखादी गोष्ट बिघडली तर तिला कारण असतं आणि कारणाला पार्ट असतो, एवढ्यावर त्याचा विश्वास होता. रविवारच्या मिसाइतकाच.

जानेवारीत थ्री किंग्जचा सण झाला त्याच आठवड्यात लाऊअंकलचा फोन आला. ओव्हन एका बाजूने जाळतोय.

किपलिंग रस्त्यावरच्या जुन्या प्लाझात एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला व्हेपचं दुकान आणि मधे लाऊअंकलची बेकरी. पाटीवरची निम्मी चिनी अक्षरं विझलेली. आत काचेचं कपाट, चिमटे, प्लास्टिकचे ट्रे. पण वास असा की बुटांचा बर्फ झटकायच्या आत नाकात शिरायचा. चरबी, साखर आणि तासन्‌तास घोटलेल्या बीन्सचा. लोक पार मारखमहून गाडी काढून यायचे. गावातच दहा चिनी बेकऱ्या असलेल्या मारखमहून, म्हणजे बघा.

लाऊअंकल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, टीचभर उंचीचा, एकटा. दोन पिठं मळायचा, एक पाण्यात, एक चरबीत. चिरोट्याला साठा लावतात तसं एकात दुसरं घालून लाटायचा, वळकटी करायचा, पुन्हा लाटायचा. मधे गोड पुरणाचा गोळा. भाजून निघाले की बोट लावलं तरी पापुद्रे उडायचे. पण बाहेरून सगळे सारखेच दिसत. म्हणून तो चॉपस्टिकचं बोथट टोक लाल रंगात बुडवून वर ठिपका द्यायचा. एक ठिपका म्हणजे लाल बीन, दोन म्हणजे मुगाची डाळ, तीन म्हणजे काळी बीन.

"गिऱ्हाइकाला निवडता आलं पाहिजे," तो आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाला.

थर्मोस्टॅट गेला होता. पार्ट यायला आठवडा लागणार होता. तोवर रोज दुपारी येऊन हाताने आच सांभाळायची, असं ठरलं. आल्फ्रेडला काय, चहा आणि पेस्ट्री फुकट. म्हातारा गंभीर होता, म्हणजे माल पहिल्या प्रतीचा.

पहिल्याच दिवशी त्याला मागच्या दारापाशी कापडी सपाता दिसल्या. काळ्या, जुन्या, पुरुषाच्या. टोकं दाराकडे. लाऊअंकलच्या पायाला त्या दोन नंबरांनी मोठ्या होत्या. आल्फ्रेडने जाता जाता पायाने फिरवून त्यांची टोकं आत केली. एवढंच. आणि बघत बसला.

म्हातारा ट्रे घेऊन आला आणि थबकला. ट्रे खाली ठेवला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी सपाता परत फिरवल्या.

"मिस्टर आल्फ्रेड," तो न बघता म्हणाला, "मस्करी सगळ्या दुकानात कर. ह्या दारापाशी नको."

आल्फ्रेडचं हसणं फुरफुरीवरच विझलं.

दुसरी गोष्ट त्याने तिसऱ्या दिवशी टिपली. दुपारी शेवटच्या ट्रेमधल्या बारा पेस्ट्र्यांवर लाऊअंकल ठिपका देत नसे. त्या तशाच, कोऱ्या, गुलाबी खोक्यात भरायचा. लाल-पांढऱ्या दोरीने खोका बांधायचा. साडेचार वाजले की मागचं दार उघडून गल्लीतल्या लाकडी स्टुलावर ठेवायचा, दार लावायचा आणि पाठ फिरवून भांडी घासत बसायचा. पावणेपाचला उजेड जातो. त्यानंतर दार उघडलं की स्टूल रिकामं. फक्त दोरी असायची, गुंडाळी करून ठेवलेली, नीट, नाण्यासारखी गोल.

"कोण नेतं?"

"जुनं गिऱ्हाईक."

"आणि ठिपके?"

"त्याला नको."

आल्फ्रेडने गल्लीत डोकं काढून बघितलं. तासभर भुरभुर बर्फ पडला होता. कचऱ्याच्या डब्यापासून कुंपणापर्यंत पांढरी चादर, एक सुरकुती नाही. कचरा उपसणारा रकून असेल तर पंजे उमटतील. माणूस असेल तर बूट. आणि रकून दोरीची गुंडाळी करून ठेवत नाही.

आता दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण आल्फ्रेडच्या डोक्यात किडा वळवळला. जे गिऱ्हाईक दिसत नाही, त्याला बाहेर कसं काढायचं? सोपं आहे. ओरडायला लावायचं.

त्याच्या डब्याच्या पिशवीत एक जॅमची छोटी बाटली कायम असे. बाटलीचा मसाला. वसईच्या घरात ज्याशिवाय चूल पेटत नाही तो. ब्लांच तो दर जुलैत स्वतः करायची. मिरच्या, धणे आणि वीस-बावीस जिन्नस मागच्या डेकवर उन्हात वाळवायचे, गॅरेजमध्ये भाजायचे, शेजाऱ्यांना शिंका आणायच्या, मग दळून काळ्या बियरच्या बाटल्यांत दांडक्याने ठोकून ठोकून भरायचा. तिच्या आईचा दांडका, निर्मळहून आणलेला. आल्फ्रेड तो मसाला पिझ्झ्यावरसुद्धा घालायचा.

मंगळवारी लाऊअंकल पुढे गिऱ्हाईक बघायला गेला, तेव्हा आल्फ्रेडने पुरणाच्या एका गोळ्यात दोन चिमट्या मसाला कोंबला, पिठात गुंडाळला आणि ट्रेच्या कोपऱ्यात ठेवला. जरा वाकडाच झाला, म्हणून भाजल्यावर खोका भरताना म्हाताऱ्याने तो बाजूला काढला. साडेचारला म्हातारा कंबर धरून उठायला लागला, तसा हा पुढे.

"अंकल, गल्लीत बर्फ झालाय. पडाल. द्या इकडे."

लाऊअंकल क्षणभर घुटमळला. तेवढ्यात पुढची घंटी वाजली. "फक्त ठेव," तो म्हणाला. "दार लाव. थांबू नकोस."

आल्फ्रेडने दोरी सैल केली, एक कोरी पेस्ट्री काढून खिशात टाकली आणि तिच्या जागी आपली वाकडी बसवली. आणि त्या गिऱ्हाइकाने आधी तीच उचलावी, नजरेत भरावी, म्हणून चॉपस्टिक घेऊन तिच्यावर एक लाल ठिपका दिला.

खोका स्टुलावर ठेवला. दार लावलं. आणि थांबला. दाराला कान लावून.

बराच वेळ काही नाही. कॉम्प्रेसरची घरघर. मग कागद चुरचुरला. मग शांतता, एखादा माणूस तोंडात घास धरून विचार करतोय अशी. आल्फ्रेडला आवरेना. त्याच्या नाकातून फुरफुर सुटली.

दाराच्या पलीकडून फुरफुर आली.

अगदी कानाशी. लाकडाच्या दुसऱ्या बाजूने, त्याच उंचीवर. हसणं काय असतं ते फक्त ऐकून माहीत असलेल्या कुणीतरी पहिल्यांदाच करून बघावं, तशी.

त्याने दार उघडलं. गल्ली पांढरी, सपाट. खोका स्टुलावरच होता. आत अकरा. दोरीची गुंडाळी नव्हती. ती स्टुलाच्या पायाला बांधली होती. दोन फासे, वर फुलासारखी गाठ.

लाऊअंकल मागे येऊन उभा होता. त्याने खोका बघितला, मोजला नाही. त्याला मोजावं लागलं नाही.

"काय घातलंस?"

"मसाला. थोडासा. अंकल, गंमत हो."

"कोणी केलेला?"

"माझ्या बायकोने."

"तिच्या हाताने?"

"मग काय पायाने?" आल्फ्रेड म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

म्हातारा पिठाच्या पोत्यावर बसला. "ठिपका तू दिलास." विचारलं नाही त्याने. नुसतं म्हणाला. मग म्हणाला, "घरी जा. आज घरीच राहा."

बुधवारी संध्याकाळी आल्फ्रेड घरी आला तेव्हा ब्लांच भुजण्याला मसाला काढत होती. बाटलीच्या बुचावर एक लाल ठिपका होता. मसुराच्या दाण्याएवढा, गोल.

"हे काय?"

"मला काय विचारतोस? तूच केलं असशील. आणि बेल वाजवून पळायचं वय आहे का रे तुझं? मी हातातलं टाकून दार उघडायला गेले."

"किती वाजता?"

"बातम्या लागायच्या आधी. पावणेपाच."

पावणेपाचला आल्फ्रेड व्हॅनमध्ये होता. आयलिंग्टनच्या सिग्नलला.

गुरुवारी ठिपका दांडक्यावर होता. आईच्या दांडक्यावर, मुठीच्या जागी. आल्फ्रेडने साबण लावला, थिनर लावलं, शेवटी सँडपेपर काढला. लाकूड झिजलं, ठिपका तसाच राहिला, खालपर्यंत मुरलेला.

शुक्रवारी एप्रनवर. छातीपाशी.

"आता बास हं, आल्फ्रेड," ब्लांच म्हणाली. "धुवून जात नाहीये तो."

"मी नाही केलं."

"आणि बेल?"

"ब्लांच, आईची शपथ, मी नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि खो खो हसत सुटली. "काय तोंड केलंयस रे! अगदी खरं वाटतंय."

इथेच सगळी गोची होती. बावीस वर्षं ज्या माणसाने मीठ म्हणून साखर दिली, मेलेला उंदीर म्हणून मोजा ठेवला, तो आता हात जोडून सांगतोय की संध्याकाळी दार उघडू नकोस. कोण ऐकणार? त्याने किचनर शहरात राहणाऱ्या जॉर्जिनाला फोन केला. ती तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिचं तरी आई ऐकेल.

"डॅड, दिस इज नॉट फनी," ती म्हणाली. "मम्मा ऑलरेडी टोल्ड मी. यू आर टेकिंग इट टू फार."

शनिवारी तो मुद्दाम कामावर गेला नाही. चार वाजल्यापासून दारासमोर खुर्ची टाकून बसला. पावणेपाच वाजत आले तसा बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस धडधडून बंद पडला. बाहेर उणे अठरा. तो दोन मिनिटांसाठी खाली गेला, रिसेटचं बटण दाबलं, फर्नेस सुरू झाला. वर आला तर दार उघडं आणि ब्लांच उंबऱ्यात, उजवा हात बाहेर काढून.

"बेल वाजली," ती म्हणाली. "कुणीच नाही. म्हटलं बघावं, बर्फ पडतोय की काय."

तिने हात आत घेतला. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, लाल ठिपका.

ती बघत राहिली. मग आल्फ्रेडकडे बघून हसली, पण ह्या वेळी जरा उशिरा हसली. "हा कसा केलास रे?"

रविवारी मिसा आणि जेवण झाल्यावर ब्लांचला घरी सोडून तो थेट बेकरीत गेला. दुपारचे तीन वाजून गेले होते. लाऊअंकल त्याची वाटच बघत असावा. दुकानाची पाटी उलटी केलेली, पुढचा दिवा बंद.

आल्फ्रेडने सगळं सांगितलं. बूच, दांडका, एप्रन, मनगट. म्हातारा प्रत्येक शब्दाला मान हलवत होता, पत्ता सांगणाऱ्या माणसासमोर आपण ओळखीच्या रस्त्याला हलवतो तशी.

"हात बाहेर काढला तिने?"

"हो."

"मग आज धरेल."

"कोण? कोण आहे तो?"

"माझे वडील द्यायचे. त्यांच्या आधी कोण देत होतं, माहीत नाही. आम्ही बोट बदलली, देश बदलला, तरी तो आला." लाऊअंकलने सपातांकडे बघितलं. "नियम एकच. ठिपका द्यायचा नाही. त्याला जे दिलं ते तो घेतो आणि जातो. ठिपका असला की निवडता येतं. एकदा निवडलं की मग तो निवडतच जातो. आधी वस्तू. मग ज्या हाताने केली तो हात."

"ह्या सपाता?"

"माझा भाऊ. त्याने एक पेस्ट्री केली होती. फार सुंदर. म्हणाला, इतकी छान झालीय, ठिपका हवाच. मग घाबरला. मॉन्ट्रियलला पळाला, घाईत सपाता इथेच राहिल्या. तिथेही दार होतं. दार कुठलंही चालतं."

ओव्हनमध्ये काहीतरी टिकटिक करत निवत होतं.

"अंकल, तोड सांगा. काहीतरी असेल ना. पार्ट बदलतात तसं."

म्हाताऱ्याने ओटा पुसायला घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आल्फ्रेडने घड्याळाकडे बघितलं. पावणेचार.

"तो एकच घेतो," लाऊअंकल शेवटी म्हणाला. "जे त्याला जास्त आवडेल ते."

आल्फ्रेडला दाराच्या पलीकडची फुरफुर आठवली. मसाला खाऊन कुणी हसत नाही. ठसका लागतो, नाक गळतं. हसायला आलं ते कशाने?

तो उठला. लाऊअंकलने न विचारता चॉपस्टिक आणि रंगाची बाटली त्याच्या हातात दिली.

बाहेर वारा सुटला होता. बर्फ आडवा येत होता. किपलिंगवर गाड्या रांगत होत्या, एक बस चौकात आडवी झालेली. आल्फ्रेडने फोन लावला.

"ब्लांच, मी येईपर्यंत दाराजवळ जाऊ नकोस. काही झालं तरी."

"हो रे बाबा. आणि बेल वाजली की ती तूच असणार ना?"

"मी बेल वाजवणार नाही. माझ्याकडे किल्ली आहे. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, ऐकतेय. वडे टाकतेय, लवकर ये."

चार चाळीसला तो गॅरेजमधून आत आला. ब्लांच ओट्याशी उभी होती, पाठमोरी, तोच एप्रन. तिच्या मनगटावरचा ठिपका आता ओला दिसत होता.

तो मांजराच्या पावलांनी मागून गेला. एप्रनची नाडी ओव्हनच्या दांडीला बांधली. दोन फासे. मग तिसरा. मग चौथा. फूल काढलं नाही.

बेल वाजली.

"आले!" ब्लांच वळली. ओव्हनचं दार धाडकन उघडलं. ती किंचाळली. "आल्फ्रेड! मेल्या, घरातच आहेस? मग बेल कोणी..."

ती तिथेच थांबली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचा चेहरा बघितला आणि हसली नाही.

"तिथेच राहा," तो म्हणाला.

तो दारापाशी गेला. चॉपस्टिक रंगात बुडवली. स्वतःच्या गळ्यावर, घाटीच्या वर, ठिपका दिला. रंग गार होता.

दार उघडलं.

पोर्चवर कुणी नव्हतं. पायऱ्यांवर बर्फ, सपाट. वारा थांबला होता. समोरच्या घरांत दिवे होते, पण ते फार लांबचे वाटत होते. पायपुसण्यावर लाल-पांढऱ्या दोरीची गुंडाळी, नाण्यासारखी गोल.

समोर, त्याच्याच उंचीवर, हवा कुणीतरी श्वास रोखल्यासारखी उभी होती.

"मसाला तिचा," आल्फ्रेड मराठीतच म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही. "पण मस्करी माझी. तुला हसू आलं ते माझ्यामुळे. खरं की नाही?"

त्याने गळा पुढे केला.

"हे घे."

आणि तो हसला. अशा वेळी माणूस हसतो कसा, ते त्यालाच ठाऊक. त्याने ब्लांचची पहिली किंकाळी आठवली, नव्या घरातली, अजून खोकीसुद्धा उघडली नव्हती तेव्हाची. फुरफुर आली. मग खॅ. खॅ. खॅ.

शिट्टी आली नाही.

श्वास संपला, तोंड उघडं राहिलं, घशातून काहीतरी सुताच्या धाग्यासारखं ओढलं गेलं, लांब, बारीक. आणि मग शिट्टी वाजली.

पोर्चच्या खाली. अंगणात. नंतर आणखी पुढे, रस्त्यापाशी.

त्याने दार लावलं.

ब्लांच रडत होती. तिने हात पुढे केला. मनगट स्वच्छ होतं.

त्यानंतर सगळं ठीक झालं. म्हणजे होतं तसं. थर्मोस्टॅटचा पार्ट आला, बसला. लाऊअंकलचा बिनठिपक्याचा डझन पुन्हा बाहेर जायला लागला. दोरीची गुंडाळी पुन्हा परत यायला लागली. बुचावरचा ठिपका गेला, दांडक्यावरचा गेला.

फक्त आल्फ्रेडला हसता येत नव्हतं. गंमत कळायची. तोंड उघडायचं, खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. टीव्हीचा आवाज बंद करून माणूस बघावा तसं. डॉक्टरने घसा तपासला, काही सापडलं नाही. ब्लांच एप्रन घालून मुद्दाम ओट्याशी पाठमोरी उभी राहायची, नाडी लोंबती सोडून, पाच-पाच मिनिटं. तो बघायचा आणि उठून दुसऱ्या खोलीत जायचा. "जेजू तुला बरं करेल," ती येशूच्या तसबिरीकडे बघून म्हणायची. तो मान हलवायचा. सौदा स्वस्तात पटला, असं त्याला मनापासून वाटायचं.

मार्चमध्ये किचनरला एका ऑफिसच्या कॅन्टीनचा ओव्हन बिघडला. तो सकाळीच निघाला. दुपारी जॉर्जिना भेटायला आली, दोघांनी सूप घेतलं. काम आटोपून तो व्हॅनमध्ये बसला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. एटोबिको इथून सव्वा तास. म्हटलं, निघालो म्हणून सांगावं. त्याने फोन लावला.

ब्लांचने लगेच उचलला. ती हसत होती. हसता हसता नाक ओढत होती, रडल्यासारखी.

"काय रे तू! किती दिवसांनी, आल्फ्रेड. किती दिवसांनी ती शिट्टी ऐकली. मला वाटलं होतं, गेली ती कायमची."

"ब्लांच," तो म्हणाला. "मी किचनरला आहे."

"हो, आणि मी वसईला." ती पुन्हा हसली. फोनमधून एप्रनचं कापड ताणल्याचा आवाज आला. मग ओव्हनचं दार करकरलं. "फोन कशाला करतोस तिथून? सोड आता मला, वडे जळतायत. आणि नाडी पुरली नाही वाटतं? ही लाल-पांढरी दोरी कुठून आणलीस? सोड ना रे. नुसता मागे उभा राहून काय हसतोयस?"